दारावरचा रक्षक आणि नातलगांचा क्रोध

रुग्णालयाच्या दारावरील सुरक्षारक्षक म्हणजे बळाने गर्दी हटविणारा इसम, अशी अनेक चिकित्सकांची व औषधालय-चालकांची समजूत आहे. ती बदलावयास हवी. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात निवासी डॉक्टरला मारहाण झाली, तेव्हा रक्षकांची संख्या वाढविण्याची मागणी पुढे आली. परंतु संख्येइतकेच प्रशिक्षणही महत्त्वाचे आहे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात धारणीय वेगांमध्ये क्रोधाबरोबरच शोक व भय यांचीही गणना केली आहे. दारावर ओरडणाऱ्या नातलगाचा क्रोध बहुधा या दोहोंतूनच उपजलेला असतो. म्हणून रक्षकाने दोन हात अंतर राखावे, आवाज चढवू नये, अंगाला हात लावू नये, बाहेर जाण्याची वाट अडवू नये आणि नातलगांपैकी एकाशीच बोलावे. कोणी हात उगारल्यास इतर रुग्णांना दूर न्यावे व ११२ क्रमांकावर पोलिसांना पाचारण करावे. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानुसार वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसा हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. शिक्षा देणे हे न्यायालयाचे काम, रक्षकाच्या दंडुक्याचे नव्हे.

तथापि रक्षकाजवळ सांगण्यासारखे काही नसेल, तर त्याच्या संयमाचा उपयोग फार काळ होत नाही. रुग्णाच्या अवस्थेची माहिती वैद्याने स्वतः, वेळेवर व स्पष्ट शब्दांत द्यावी. आपल्या मौनाचा भार तुटपुंज्या वेतनावर उभ्या असलेल्या माणसावर टाकणे न्याय्य नव्हे.