न भेटलेले स्नेही

घरात लग्न ठरले की निमंत्रितांची यादी करावयास मंडळी बसतात. अलीकडे त्या यादीत एखादे नाव असे निघते की, वडीलधारे चष्म्यावरून पाहू लागतात. हा कोण? तर कोल्हापूरचा मित्र. कुठे भेटला? अजून भेटला नाही. जुन्या चित्रपटगीतांच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक समूह आहे, तेथे दहा वर्षांची ओळख आहे. यावर पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो : ज्याचे तोंड पाहिले नाही, तो मित्र कसला?

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड येथील कितीतरी मध्यमवर्गीय घरांत हा प्रश्न आज विचारला जात असेल. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खोट्या नावाने ओळख वाढवून पैसे उकळणारे, मुलींना फशी पाडणारे भामटे याच माध्यमात वावरतात, हे आईबापांना वर्तमानपत्रांतून रोज वाचावयास मिळते. तेव्हा त्यांची काळजी रास्तच आहे. परंतु काळजी एक आणि सिद्धान्त दुसरा. मैत्री म्हणजे एका गल्लीतील, एका शाळेतील वा एका नात्यागोत्यातील माणसांचीच, आणि केवळ समान आवडीवर उभे राहिलेले नाते पोकळ, असा जो सिद्धान्त या काळजीच्या पोटी नकळत मांडला जातो, तो मला मान्य नाही. आपल्याच परंपरेला तो मान्य झाला नसता.

गंगाखेडच्या जनाबाईंचे उदाहरण परभणीकरांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. गोदाकाठची ही मुलगी पंढरपुरी नामदेवांच्या घरी आली. नामदेवांचे मूळ नरसीचे मानले जाते, आणि नरसी आज हिंगोली जिल्ह्यात असली तरी १९९९ पर्यंत ती परभणी जिल्ह्यातच होती. गोरोबाकाका तेरचे, सावता माळी अरणचे, चोखोबा मंगळवेढ्याचे. जात वेगळी, व्यवसाय वेगळा, गाव वेगळे. एरवी यांपैकी कोणाचे कोणाशी काही काम पडण्याचे कारण नव्हते. एका विठ्ठलाचे वेड हा एकच धागा. आणि तो किती बळकट होता? १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसह तिच्याखाली गाडले गेले. परंपरा असे सांगते की, नामदेव पंढरपुराहून तेथे गेले, ढिगाऱ्यातील अस्थींना कान लावून पाहिले आणि ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या अस्थी चोखोबांच्या म्हणून घेऊन आले. महाद्वारासमोर चोखोबांची समाधी झाली. ज्याला त्या काळच्या समाजाने देवळाच्या आत येऊ दिले नाही, त्याच्या अस्थी उचलून आणावयास मित्र गेला. नात्यातले कोणी गेल्याचे ही कथा सांगत नाही.

देवाची भक्ती आणि नटनट्यांची वा गायकांची चाहत यांना एका पंक्तीस बसविले म्हणून कोणी रागावतील. मी तशी तुलना करीत नाही. एवढेच म्हणतो की, ज्यांची एरवी कधी गाठ पडली नसती अशा माणसांना एखाद्या गोष्टीवरचे समान प्रेम जवळ आणते आणि त्यातून आयुष्यभराचा स्नेह जुळतो, ही वाट संगणकाने काढलेली नाही.

रेडिओच्या काळातही ती होती. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे शास्त्रीय संगीताचे कडवे अभिमानी. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. (हेतू चांगला होता, हे त्यांच्या बाजूने म्हटले पाहिजे. परंतु रसिकता सरकारी आदेशाने घडत नाही.) श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे वळले, अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' घरोघर पोचली आणि अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली. पुढे फर्माइशींच्या पत्रांनी आज झारखंडात असलेले अभ्रकाच्या खाणींचे झुमरीतलैया हे गाव देशभर गाजले. गाण्याआधी नावे वाचली जात, आणि ती ऐकून माणसे एकमेकांना ओळखू लागत, पत्रे लिहीत, श्रोतासंघ काढीत. त्या नावांना शहरी लोक हसत असत. पण कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराज़' हे याच श्रोत्यांपैकी एक. त्यांनी 'हिन्दी फ़िल्म गीत कोश' सिद्ध केला, ज्याचा १९५१ ते १९६० या दशकाचा खंड १९८० मध्ये निघाला. ध्वनिमुद्रिकांचे क्रमांक, चित्रपटांच्या पुस्तिका, विसरलेल्या गीतकारांची नावे ही सामग्री देशभरच्या शौकिनांनी पुरविली. कोणत्याही विद्यापीठाने हाती न घेतलेले काम पत्रमित्रांनी तडीस नेले.

इंटरनेटवर पुढे जे घडले, ते याच फर्माइशी मंडळींचे दुसरे पर्व होय. १९९० च्या दशकात, संकेतस्थळे हा शब्दही आपल्याकडे रूढ नव्हता तेव्हा, यूजनेट नावाच्या व्यवस्थेत हिंदी चित्रपटसंगीताच्या चाहत्यांचा 'आरएमआयएम' या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा समूह होता. सदस्य बहुतेक परदेशी शिकणारे वा नोकरी करणारे भारतीय तरुण. त्या वेळच्या संगणकावर नागरी अक्षरे उमटविणे दुरापास्त होते. अविनाश चोपडे यांनी १९९१ च्या सुमारास 'आयट्रान्स' ही प्रणाली रचली, जिच्यामुळे रोमन कळफलकावर टंकलेला मजकूर नागरीत छापता येऊ लागला. मग या चाहत्यांनी हजारो गीते कानाने ऐकून, एकमेकांच्या चुका दुरुस्त करून, फुकट उतरवून काढली. एखाद्या अंतऱ्यातील एका शब्दावर आठवडाभर वाद चालत. आज कोणीही भ्रमणध्वनीवर गाण्याचे बोल क्षणात शोधतो, त्यामागे या अनाम मंडळींच्या रात्री आहेत, हे त्याच्या गावीही नसते. मराठी मंडळींनी १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झालेल्या 'मायबोली' या संकेतस्थळावर असेच आपले घर केले. तेथील लोकांनी प्रत्यक्ष भेटीगाठींसाठी 'गटग' असा शब्द घडविला आणि पावसाळ्यात 'वर्षाविहार' सुरू केला. आवडीवर जमलेली माणसे अखेर एकमेकांस भेटावयास निघतातच.

या सर्वाचे मोल पुण्या-मुंबईपेक्षा परभणीसारख्या जिल्ह्याला अधिक आहे, असे माझे मत आहे. पुण्यात मदनमोहनच्या गझलांवर बोलावयास दहा माणसे मिळतील, त्यांच्यासाठी सभागृह मिळेल, कार्यक्रमाला तिकीटही लावता येईल. पालम वा सोनपेठ येथे राहणाऱ्या शिक्षकाला, दुकानदाराला, गृहिणीला ती कुठून मिळावीत? गावात त्यांना माणसांची वाण नसते. सोयरे आहेत, शेजारी आहेत, लग्नाकार्याला, अडीअडचणीला धावून येणारेही आहेत. पण मनाच्या ज्या कोपऱ्यात ते गाणे वाजत असते तेथे कोणी येत नाही. त्या कोपऱ्याची उपेक्षा होत होत माणूस पुढे स्वतःच तो बंद करून टाकतो. निवृत्तीनंतर, मुले पुण्याला वा परदेशी गेल्यावर, अशा बंद केलेल्या माणसाचे एकाकीपण फार भयंकर असते. रविवारी संध्याकाळी नाशिकचा किंवा नागपूरचा कोणी 'आज हे ऐका' म्हणून एक दुर्मिळ गीत पाठवितो आणि त्यावर तासभर गप्पा रंगतात, तेव्हा त्या घरात काय घडते हे बाहेरून दिसत नाही.

मैत्रीला वेळ लागतो, हे सर्वांस ठाऊक आहे. किती लागतो याचा शोध अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी घेतला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर होण्यास सुमारे ५० तास एकमेकांच्या सहवासात जावे लागतात, आणि जिवलग होण्यास २०० हून अधिक. हॉल यांचा हिशेब पडद्यावरच्या गप्पांचा नाही हे खरे. तरी दहा वर्षे रोज रात्री एकमेकांचे लिखाण वाचणाऱ्यांनी एकमेकांना किती तास दिले, याचा विचार लग्नाची यादी करणाऱ्यांनी जरूर करावा. वर्षातून एकदा हळदीकुंकवाला दिसणाऱ्या दूरच्या नातेवाइकाचे तास किती भरतील?

नॉर्वेतील मॅट्स स्टीन या तरुणाची हकीकत आईबापांनी तर मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे. १९८९ मध्ये जन्मलेल्या या मुलाला स्नायू झिजविणारा असाध्य आजार होता. चाकांच्या खुर्चीत बसून तो दिवसाचा बहुतेक वेळ 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ खेळत असे. आपल्या मुलाला मित्र नाहीत, प्रेम नाही, कोणाच्या आयुष्यात त्याचे स्थान नाही, ही आईवडिलांची खंत होती. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या अनुदिनीवर निधनाची वार्ता लिहिली आणि अनोळखी माणसांची पत्रे येऊ लागली. ज्या समूहात तो खेळत होता, त्यातील कोणाला त्याने दुःखातून सावरले होते, कोणाच्या घरातील अबोला सोडविला होता. अंत्यविधीला युरोपातील निरनिराळ्या देशांतून त्याचे सवंगडी आले. मुलगा एकटा नव्हता, हे आईबापांना त्या दिवशी समजले. २०२४ मध्ये त्यावर अनुबोधपटही निघाला. मुलगा जिवंत असताना त्याच्या मागे उभे राहून 'हे कोण, काय बोलता?' असे कोणी मायेने विचारले असते, तर हे आधीच कळले असते. आपल्या घरांत तो प्रश्न बहुधा उलटतपासणीच्या सुरात विचारला जातो, आणि मुले पडदा फिरवून घेतात.

चाहत्यांच्या जगाची दुसरी बाजूही आहे. दोन नटांच्या, दोन क्रिकेटपटूंच्या चाहत्यांत जी शिवीगाळ चालते ती किळसवाणी असते. त्या गर्दीला मैत्री म्हणता येणार नाही. जेथे केवळ एका व्यक्तीचा जयजयकार आणि दुसऱ्याचा धिक्कार हेच काम, तेथे शेजारी कोण उभा आहे हे पाहण्यास कोणाला सवड नसते. ज्या समूहात काही करावयाचे असते, गीते उतरवून काढायची, दिवाळी अंक सजवायचा, कोणा सदस्याच्या आजारपणात रक्तदाते शोधायचे, तेथे माणसे एकमेकांची होतात. मुलांच्या समूहाची पारख करताना तेथे नेमके काय काम चालते, हे आईबापांनी पाहावे.

या व्यवस्थांना आयुष्यही फार नसते. जानेवारी २००४ मध्ये निघालेले, आपल्याकडील तरुणांचे लाडके ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले. याहूच्या समूहांना २०२० च्या डिसेंबरात कुलूप लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुगलनेही यूजनेटवरील नवे लेखन स्वीकारणे थांबविले. एकेका रात्रीत वर्षानुवर्षांचे लेखन, छायाचित्रे, थट्टामस्करी नाहीशी झाली. तरीही ज्यांनी तेवढ्या काळात एकमेकांचे दूरध्वनी क्रमांक, घरचे पत्ते आणि आईवडिलांच्या प्रकृतीची चौकशी सुरू केली होती, त्यांची मैत्री पुढच्या माध्यमात तशीच चालत गेली.

म्हणून परभणी जिल्ह्यातील सार्वजनिक ग्रंथालयांना एक सुचवावेसे वाटते. आपल्यापैकी अनेकांकडे संध्याकाळी रिकामी राहणारी एखादी खोली असते. महिन्यातून एक रविवार ती अशा मंडळींना द्यावी. नाट्यगीतांचे शौकीन, रहस्यकथांचे वाचक, किल्ल्यांचे वेडे, ज्यांचे मित्र आज दूरच्या गावी आहेत, त्यांना कळू द्यावे की मानवतचा आणि पाथरीचा कोणी त्याच समूहात टोपणनावाने लिहितो आहे. देवगिरी एक्सप्रेसने एखादा दूरचा सदस्य आलाच, तर त्याची उतरण्याची सोय कार्यकर्त्यांच्या घरी होऊ शकेल. सतरंजी आणि चहा, एवढ्याच खर्चाचे हे काम आहे.