गाठ कोणत्या वाणाची?

आठवडी बाजाराच्या दिवशी मटणाच्या दुकानामागे थोडा वेळ उभे राहावे. बोकड सोलून झालेला असतो. कलेजी चाचपताना कसायाच्या बोटांना एक पांढुरकी गाठ लागते, आवळ्याएवढी, कधी लिंबाएवढी. सुरीचे टोक लागताच त्यातून स्वच्छ पाणी उडते. गिऱ्हाईक असला तुकडा घेत नाही, म्हणून तो कापून मागे फेकला जातो. मागे ताटकळलेली कुत्री तो जमिनीवर पडू देत नाहीत. वाशिम जिल्ह्यातले कारंजा, रिसोड, मंगरुळपीर, नाव कोणतेही घ्या. उघड्यावर मांस विकले जाते तिथे हे घडतेच.

त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी, फीतकृमीची हजारो डोकी असतात. कृमीचे शास्त्रीय नाव एकायनोकॉकस. कुत्र्याच्या आतड्यात त्या प्रत्येक डोक्याचा जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा जंत होतो. पाच-सहा आठवड्यांत त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडू लागतात. गवतावर, पाणवठ्यावर, मेथीच्या वाफ्यात पोहोचतात. शेळी, म्हैस किंवा गाय ती खाते आणि तिच्या कलेजीत किंवा फुप्फुसात पुन्हा तशीच गाठ धरते. माणसाच्या हातावाटे ती पोटात गेली तर माणसालाही. ही हायडॅटिड गाठ वर्षानुवर्षे मुकाट वाढते, रोग्याला पत्ता नसतो. पोटात फुटली तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते. कुत्रा मात्र ठणठणीत दिसतो, आणि म्हणूनच त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

भटक्या कुत्र्यांवर देशभर कडाक्याचा वाद चालू आहे. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने पकडलेल्या कुत्र्यांची नसबंदी, लसीकरण आणि जंतनिर्मूलन करून त्यांना सोडावे असे म्हटले. नसबंदीवर चर्चा झाली, रेबीजवर झाली आणि ती व्हायलाच हवी होती. जंतनिर्मूलन हा तिसरा शब्द मात्र कुणी उचलला नाही. वाशिमसारख्या शेतीवर आणि जनावरांवर जगणाऱ्या जिल्ह्याला तोच सर्वांत जवळचा आहे.

गोळी घातली की जंत संपले, इतके हे सोपे नाही. जंतांनाही वाण असतात, सोयाबीनला असतात तसे. दोन वाण डोळ्यांना सारखेच दिसतात; फरक कळतो तो जनुकातली अक्षरे वाचल्यावर. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यांबरोबर पश्चिम भारतातल्या कत्तलखान्यांतल्या जनावरांच्या गाठी अशा वाचल्या. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात सर्वाधिक गाठी म्हशीच्या वाणाच्या, म्हणजे जी-3 च्या निघाल्या. गायीचा जी-5 होता, मेंढीचा जी-1 आणि थोडा जी-2 सुद्धा होता. मेंढीभोवती फिरणारा रोग म्हणून जगभर ज्याची ओळख, तो आपल्याकडे म्हशी-गायींच्या गोठ्यातून फिरतो आहे, हे त्यातून उघड झाले.

याचा संबंध थेट गोळीच्या वेळापत्रकाशी आहे. मेंढीच्या वाणाला कुत्र्याच्या पोटात अंडी धरायला सुमारे सहा आठवडे लागतात, म्हणून दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वाँटेल ही जंताची गोळी देण्याची पद्धत जगात रुळली. गायीचा वाण पाच आठवड्यांतच तयार होतो. गावात तो वाण असेल आणि गोळी सहाव्या आठवड्यात दिली, तर मधला आठवडाभर कुत्रा अंडी टाकतच राहतो. शिवाय ही गोळी जंत मारते, अंडी नाही. गोळी दिल्यानंतरचे एक-दोन दिवस त्या कुत्र्याची विष्ठा पुरावी लागते.

गोळीवर भिस्त ठेवल्याने काय होते, हे अमेरिकेत दिसले. शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांना वर्षानुवर्षे जंताची औषधे वारंवार दिली गेली. त्यातून औषधाला दाद न देणारे अंकुशकृमी तयार झाले आणि शर्यतीतून निवृत्त झालेली कुत्री लोकांनी घरी नेली तेव्हा त्यांच्याबरोबर देशभर गेले. त्यांचा माग लागला तो जनुकातल्या एका अक्षराच्या बदलावरून.

जनुके वाचल्याने मोहिमेची दिशा कशी बदलते, याचे नारूचे उदाहरण तर मराठी माणसाच्या ओळखीचे. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या गावांनी हा रोग भोगला, पायातून निघणारा नारू काडीला गुंडाळत बसलेली माणसे आजही आठवतात. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात सापडला, 2000 मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. आफ्रिकेतल्या चाड देशात मात्र 2012 पासून कुत्र्यांत नारू आढळू लागला. तो वेगळाच जंत असावा, अशी आशा होती. जनुके वाचल्यावर कळले, माणसातला आणि कुत्र्यातला नारू एकच. तेव्हापासून तिथे मोहिमेचा रोख कुत्र्यांकडे वळला आणि कुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून माशांची आतडी पुरायला, कुत्र्यांना बांधून ठेवायला लोकांना सांगितले जाऊ लागले.

वाशिमलाही धडा हाच घ्यावा लागेल. गावातली मोकाट कुत्री दर पाच आठवड्यांनी पकडून गोळी घालणे कुठल्याच ग्रामपंचायतीला झेपणार नाही. पण बाजाराच्या जागी झाकण असलेला खोल खड्डा खणणे, गाठीचे मांस त्यातच टाकायला लावणे आणि गायरानावर मेलेले जनावर उघडे न टाकता पुरणे, एवढे तिला नक्की जमते. गोळी पाळीव आणि गुराख्यांच्या कुत्र्यांना द्यावी, लाळ-खुरकुताच्या लसीकरणासाठी पथक गावात येते त्याच फेरीत सुरुवात करावी. आइसलँडने एकोणिसाव्या शतकात हीच लढाई सुरू केली, न्यूझीलंडने 2002 मध्ये हायडॅटिडमुक्तीची घोषणा केली. दोन्हीकडे कच्चे मांस कुत्र्यांपर्यंत जाऊ न देणे हाच पाया होता.

आणि आपल्या जिल्ह्यात कोणता वाण फिरतो, ते शोधले पाहिजे. अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था वाशिमहून ऐंशीएक किलोमीटरवर आहे. पशुसंवर्धन विभागाने एक वर्षभर बाजाराच्या दिवशी कसायांकडून गाठी मागून घ्याव्यात, जनावर कोणते आणि गाव कोणते हे चिठ्ठीवर लिहावे आणि बाटल्या अकोल्याला पाठवाव्यात. बाटलीत फॉर्मेलिन घालू नये, त्याने जनुके खराब होतात. सत्तर टक्के अल्कोहोल घालावे.