तपासणी झाली, पुढे काय?

वर्षभराचे बाळ एकाएकी रडू लागते, हातापायांची बोटे सुजतात, कोणाला हात लावू देत नाही. घरच्यांना वाटते, मुका मार लागला असेल. खेड्यात आधी बैगाला, म्हणजे गावच्या वैदूला, दाखवतात, आणि रायपूरच्या मेकाहारा या सरकारी रुग्णालयापर्यंत पोहोचायला कधीकधी वर्षे जातात. ही सूज सिकलसेल या रक्ताच्या आजाराची पहिली खूण असू शकते, हे त्या आईला कोणी सांगितलेलेच नसते.

1 जुलै 2023 रोजी शहडोलमध्ये पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. चाळिशीपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असा हा संकल्प आहे. रायपुरात या आजारासाठी स्वतंत्र संस्थाही आहे. हे सारे स्वागतार्हच. पण तपासणीचे कार्ड हाती पडल्यावर माणसाला जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे द्यायला समोर कोण असते?

कार्डावर ‘एएस’ लिहिले की घर हादरते. खरे तर एएस म्हणजे वाहक. त्याला सहसा त्रास होत नाही, औषधही लागत नाही. आईबाप दोघेही एएस असतील तर मात्र प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’, म्हणजे रुग्ण, असण्याची शक्यता 25 टक्के असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, हा हिशेब चूक आहे. त्याहून संतापजनक म्हणजे दोष सुनेच्या माथी मारणे. एसएस बाळाकडे सदोष जनुक दोन्ही बाजूंनी आलेले असते. एकट्या आईचा त्यात काय अपराध?

उपचारांतही असाच गोंधळ. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने दुखण्याचे झटके कमी होतात, रक्त चढवण्याची वेळही कमी येते. मात्र पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून ठरावीक काळाने रक्ततपासणी हवी, आणि मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायला हवे. बरे वाटले म्हणून गोळी परस्पर बंद करणे धोक्याचे. रक्त कमी दिसले की लोहाच्या गोळ्या, हेही इथे सरसकट चालत नाही. निरोगी तांबडी पेशी 120 दिवस टिकते, सिकलसेलची जेमतेम 10 ते 20. रक्त त्यामुळे घटते. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात तर लोह साठत जाते. ताप, छातीत दुखणे, धाप, पोटात डावीकडे अचानक फुगवटा, तोंड वाकडे होणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

आजार फक्त आदिवासींचा, हा समजही सोडला पाहिजे. छत्तीसगडात साहू, कुर्मी समाजांतही तो आहे. सीमेपलीकडे गोंदिया, गडचिरोली, नागपूर हा त्याच पट्ट्याचा भाग. विदर्भाशी सोयरीक असलेल्या रायपूरच्या मराठी घरांनीही लग्नाआधी ही तपासणी करून घ्यावी.

सरकारकडे आमची मागणी नेमकी आहे: प्रत्येक विकासखंडात छत्तीसगढी, गोंडी, हल्बी बोलणारा समुपदेशक नेमा, आणि हायड्रॉक्सियुरियाचा साठा प्राथमिक आरोग्य केंद्रात बारमाही ठेवा.