किती देते, हा अर्धाच प्रश्न

कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली की हातात पेढा पडायच्या आधी प्रश्न येतो, "किती देते?" कॉलेजातला कन्नड मित्र विचारतो, "एष्टु कोडुत्ते?" सुट्टीत मी आजोळी, वडोदऱ्याच्या वाडी भागात गेलो, की तिथले शेजारी विचारतात, "केटली एव्हरेज आपे छे?" तीन भाषांचे इतके एकमत इतर कुठल्या विषयावर झालेले मी पाहिलेले नाही. तिन्ही भाषांत गाडी ही काहीतरी 'देणारी' आहे, जशी दुभती म्हैस.

वास्तविक गाडी काही देत नाही, ती घेते. आपण घातलेल्या पेट्रोलमधल्या शक्तीचा साधारण पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. बाकीची उष्णता होऊन रेडिएटरमधून आणि धुराच्या नळीतून निघून जाते. चाकांपर्यंत जे पोचते त्यातलेही बरेचसे वारा कापण्यात, टायरच्या घर्षणात आणि ब्रेकमध्ये संपते. म्हणून "किती देते?" हा अर्धाच प्रश्न आहे. "किती गमावते, आणि कुठे?" हा उरलेला अर्धा. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, यंत्रांशी माझा संबंध तसा बेताचाच. पण गळती शोधणे हे हिशेबनीसाचेही काम आहे, म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस करतो.

हा उरलेला अर्धा प्रश्न मनापासून विचारणारी एक गाडी होऊन गेली. होंडा कंपनीची 'इन्साइट' १९९९ च्या अखेरीस जपानमध्ये आणि अमेरिकेत विक्रीला आली. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही असणाऱ्या गाडीला हायब्रिड म्हणतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. टोयोटाची 'प्रियस' जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरातच आली होती आणि पुढे नाव झाले ते तिचेच. अमेरिकेत मात्र इन्साइट आधी पोचली. तरी २००६ साली उत्पादन थांबेपर्यंत जगभरात मिळून साधारण १७,००० गाड्या खपल्या. विक्रीचा आकडा हीच एक फूटपट्टी धरली, तर ही गाडी नापास झाली असेच म्हणावे लागेल.

पण तिची रचना पाहा. लोकांना वाटते, हायब्रिड म्हणजे बॅटरीची करामत. इन्साइटमध्ये विजेची मोटर होती अवघी १० किलोवॅटची आणि जाडीला ६० मिलिमीटर, म्हणजे चार बोटांएवढी. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ती चपातीसारखी बसवली होती. बॅटरीत आपल्या टॉर्चमधल्या मोठ्या सेलच्या आकाराचे १२० सेल होते. ही गाडी नुसत्या विजेवर चालण्यासाठी केलेलीच नव्हती, आणि तिला कधी चार्जिंगला लावावेही लागत नसे. चढावर किंवा वेग घेताना मोटर इंजिनाला हात देई, आणि वेग कमी करताना तीच मोटर जनित्र होऊन बॅटरी भरी. ब्रेक लावणे म्हणजे पैसे मोजून मिळवलेला वेग उष्णता करून फेकून देणे. त्यातला काही भाग इथे परत जमेला येई. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होई.

चढावर मदतनीस आहे म्हटल्यावर इंजिन लहान ठेवता आले. ९९५ सीसी, तीन सिलिंडर. एरवी आपण वर्षातून चार वेळा लागणाऱ्या ताकदीसाठी वर्षभर मोठे इंजिन पोसतो, चार पाहुण्यांसाठी बारा महिने मोठे घर भाड्याने घ्यावे तसे. लहान इंजिनाने वजन कमी झाले. सांगाडा अॅल्युमिनियमचा केल्याने तो तशाच पोलादी सांगाड्यापेक्षा सुमारे ४० टक्के हलका झाला, आणि बॅटरी धरूनही सबंध गाडी साडेआठशे किलोच्या आत राहिली. मागची चाके झाकलेली, आणि मागच्या दोन चाकांमधले अंतर पुढच्यांपेक्षा कमी, म्हणजे गाडी पाण्याच्या थेंबासारखी मागे निमुळती होत गेलेली. वाऱ्याला होणारा विरोध ज्या अंकाने मोजतात तो होता ०.२५, त्या काळच्या मोटारींत अगदी कमी. या सगळ्याची बेरीज म्हणजे जपानच्या सरकारी चाचणीत लिटरला ३५ किलोमीटर.

यात चमत्कार एकही नाही. दहा ठिकाणची थोडी थोडी गळती दहा जागी बोट ठेवून थांबवली, एवढेच. "थेंबे थेंबे तळे साचे" हे आपण शाळेत घोकतो. थेंबाथेंबाने तळे रिकामेही होते, ही म्हणीची दुसरी बाजू या अभियंत्यांनी ओळखली.

मग अशा कामाचे कौतुक का होत नाही? याचे उत्तर मला वाडीत मिळाले. मामांचा माल पोचवायचा छोटा धंदा आहे, एक टेम्पो आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांची वही मी लिहीत होतो. डिझेल, टायर, सर्व्हिसिंग, चालकाचा पगार अशी सदरे होती. मांडवीच्या गर्दीत इंजिन चालू ठेवून टेम्पो उभा राहतो, त्या वेळेचे सदर नव्हते. टेम्पोत वर्षानुवर्षे पडून असलेल्या लोखंडी सामानाचे वजन रोज शहरभर फिरते, त्याचेही सदर नव्हते. मी तसे मामांना म्हटले. ते हसून म्हणाले, "अरे, खर्चलेल्या पैशाची पावती मिळते. वाचलेल्या पैशाची पावती कोण देतो?"

मला वाटते, सगळे इंगित या एका वाक्यात आहे. मोठे इंजिन गुरगुरते, लोक वळून पाहतात. जो वारा अडला नाही, जे वजन वाहिले नाही, जे पेट्रोल जळले नाही, ते कुणाला दिसणार? न घडलेल्या खर्चाला आवाज नसतो.

हिशेबाची आणखी एक गंमत सांगतो. "लिटरला इतके किलोमीटर" हे माप आपल्याला फसवते. महिन्याला १,००० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला २५ ऐवजी ३५ देऊ लागली, तर ४० लिटरचे साधारण २९ होतात, म्हणजे ११ लिटर वाचले. आणि १० देणारा टेम्पो १५ देऊ लागला, तर १०० लिटरचे ६७ होतात, म्हणजे ३३ लिटर वाचले. वाढ पहिल्या ठिकाणी दहाची, दुसऱ्या ठिकाणी पाचची, पण बचत तिप्पट झाली दुसऱ्या ठिकाणी. याचा अर्थ असा की खरी कमाई आधीच काटकसरी असलेल्या गाडीत नाही, ती आपल्या रस्त्यांवरच्या जुन्या, जड, धूर सोडणाऱ्या वाहनांत आहे.

ही गोष्ट आपल्याकडे कुणाला सुचली नाही असे नाही. २०१० साली पुण्याच्या केपीआयटी आणि भारत फोर्ज या कंपन्यांनी 'रेव्होलो' नावाचा संच जाहीर केला. नवी गाडी घ्यायची नाही, आहे त्याच गाडीला मोटर आणि बॅटरी जोडून ती हायब्रिड करायची, अशी कल्पना होती. ती बाजारात रुजली नाही. पण ज्या देशात माणसे वाहन पंधरा-पंधरा वर्षे वापरतात, त्या देशाला शोभणारी कल्पना हीच होती, असे माझे मत आहे. त्याउलट २००८ साली होंडाने 'सिव्हिक हायब्रिड' इथे आणली ती २१ लाखांवर किंमत लावून. तेवढे पैसे मोजणाऱ्याला पेट्रोलची चिंता ती किती असणार! पुढे २०१५ साली मारुतीने 'सियाझ'मध्ये इंजिन आपोआप थांबवणारी आणि वेग घेताना हात देणारी छोटी मोटर बसवली, तेव्हा इन्साइटच्या विचाराचा एक अंश मध्यमवर्गाच्या दारी आला.

कुणी म्हणेल, दोन माणसांची गाडी आपल्या पाचजणांच्या कुटुंबाला काय कामाची? आक्षेप बरोबर आहे. आजी-आजोबांना घरी ठेवून डाकोरला जाता येत नाही. पण मी गाडी घ्या असे म्हणत नाही, तिची हिशेबाची रीत घ्या असे म्हणतो. दुसरा कुणी म्हणेल, आता विजेच्या गाड्या आल्या, जुन्या हायब्रिडचे कौतुक कशाला? वडोदऱ्याजवळच्या हालोलला जनरल मोटर्सचा कारखाना १९९६ पासून २०१७ पर्यंत पेट्रोल-डिझेलच्या मोटारी बनवत होता. त्याच जागी आता एमजीच्या विजेच्या मोटारीही बनतात. काळ बदलला, हे खरेच. पण विजेची गाडी जड असली आणि वारा अडवू लागली, तर तिलाही मोठी बॅटरी लागते, म्हणजे पुन्हा वजन, पुन्हा खर्च. इंधन बदलले तरी गळतीचे नियम बदलत नाहीत.

वडोदऱ्याला १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने कलाभवन निघाले. प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की उद्योगधंद्यांचे शिक्षण लोकांना त्यांच्या भाषेत मिळावे. मराठी माध्यमातून शिकलेल्या मला त्या आग्रहाचे मोल कळते. आपल्याकडे यंत्र इंग्रजीत शिकायचे, हिशेब वहीत ठेवायचा आणि घरी मराठीत किंवा कन्नडमध्ये नुसते "किती देते?" एवढेच विचारायचे, अशी फारकत झाली आहे. विज्ञान शाखेच्या मित्रांना खतावणी परकी वाटते, आम्हाला इंजिन. ही फारकत मोडली, तर पुण्यासारखी एखादी कल्पना पुन्हा निघेल तेव्हा तिचे मोल जाणणारा गिऱ्हाईकही तयार असेल आणि तिच्यावर पैसे लावणारा सावकारही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या घरच्या, दुकानाच्या, कॉलेजच्या जमाखर्चात एक सदर वाढवा, 'वाया काय गेले?' पहिल्या महिन्यात ते भरणे अवघड जाईल. पण एकदा ते सदर डोळ्यांसमोर आले, की रिकामे राहणे त्याला आवडत नाही आणि भरलेले पाहणे आपल्याला आवडत नाही.