पेपर एक, प्रिंटर दोन

गेल्या सहामाहीला सातवीचा उर्दूचा पेपर मी घरी टाईप केला. घरच्या प्रिंटरवर तो एका पानात नीट बसला. झेरॉक्सच्या दुकानात तीच वर्ड फाईल उघडली, तर नस्तालिकऐवजी नस्ख अक्षरे आली आणि शेवटचा प्रश्न दुसऱ्या पानावर गेला. घाईत मी एकच पान छापून घेतले. परीक्षेत एक मुलगी म्हणाली, "सर, पेपर 40 गुणांचा, प्रश्न तर 35 चेच आहेत." मान खाली गेली.

दोष प्रिंटरचा नव्हता. आपला फॉन्ट त्या कॉम्प्युटरवर नसला की वर्ड दुसरा लावते आणि ओळी सरकतात.

म्हणून फाईल पीडीएफ करूनच न्या, फॉन्ट तिच्यासोबत जातो. कागद सुरुवातीलाच ए-फोर निवडा. अमेरिकन 'लेटर' सुमारे 18 मिलिमीटर आखूड असतो. छापताना 'अ‍ॅक्च्युअल साइज' ठेवा. कडेला दीड सेंटिमीटर जागा सोडा. आधी एक प्रत काढून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, मग बाकीच्या काढा.

निकाहची पत्रिका असो वा मुलांचा पेपर, दुसऱ्याच्या हाती जाणारा कागद हीसुद्धा अमानतच आहे.