पंगतीला चालणारा पैसा



कॅसिनोवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. उत्तम झाले. तरी आमच्या सापगावात तरुण मंडळी विचारतात, "बुवा, गोव्यात मांडवीवर जहाजे उभी आहेतच. इकडेही येऊ दे. कर फक्त पाणी, शाळा, दवाखान्याला बांधून दिला, तर बिघडले कुठे?"

अमेरिकेत असे बंधन आहे. तिथल्या आदिवासी जमातींच्या जुगारघरांचे निव्वळ उत्पन्न १९८८च्या कायद्याने ठराविक पाच कामांनाच लावता येते. लोककल्याण आणि दानधर्म त्यांत आलेच. पण खर्चाला कुंपण घातले म्हणून मिळकत धुऊन निघत नाही. उलट नळाला पाणी यायचे तर रोज कोणीतरी हरलेच पाहिजे, ही गावाची गरज होऊन बसते. मग हरणाऱ्याला आवरणार कोण?

सरकारचे राहू द्या. आपल्या सप्ताहात मटकेवाल्याची पावती 'फक्त अन्नदानासाठी' म्हणून वेगळी फाडतात. बिदागीला नको, पंगतीला चालते! हे कुठल्या शास्त्रातले सोवळे? शिवरायांचा नजराणा तुकोबांनी परत पाठवला, हे आपणच कीर्तनात रंगवून सांगतो. आणि तो तर राजाने आदराने धाडलेला. इथे ज्या घरातून मटक्याला पैसा गेला, त्याच घरची माउली पंगतीत वाढायला उभी असते.

यंदा ती पावती फाडू नका. गोडाचे कमी पडले तर पडू द्या, भात आपल्या खाचरातला आहेच.