हे दुखणे अंगावर काढू नका

वाचक भगिनींनो, चकल्या-करंज्या आणि कथा-कवितांच्या या अंकात असला विषय कशाला, असे तुमच्यापैकी काहींना वाटेल. पण दिवाळी अंक सासू, सून, लेक अशा घरातल्या साऱ्याजणी वाचतात आणि तो वर्षभर घरात राहतो. म्हणूनच माझ्या दवाखान्यात सर्वांत हळू आवाजात सांगितली जाणारी तक्रार मी या अंकासाठी राखून ठेवली आहे: “बाई, अंगावरून पांढरे जाते, आणि खाजही सुटते.”

प्रथम एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. थोडेसे पांढरे जाणे हा रोग नव्हे. दोन पाळ्यांच्या मध्यावर स्त्रीबीज बाहेर पडते, तेव्हा हा स्राव अंड्यातल्या पांढऱ्यासारखा पातळ व तुळतुळीत होतो. गरोदरपणात तो वाढतो. त्याला घाण वास नसेल, खाज किंवा जळजळ नसेल, तर काळजीचे कारण नाही. ‘हाडे झिजून त्यांचे पाणी जाते’ ही समजूत तर साफ चुकीची आहे.

निसर्गाने या जागी पहाराही ठेवला आहे. योनिमार्गात उपयोगी जंतूंची वस्ती असते. आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी १८९२ साली त्यांचे वर्णन केले. दूध विरजणाऱ्या जंतूंच्या कुळातलेच हे जंतू. ते आम्ल तयार करतात, आणि त्या आंबटपणात इतर जंतूंचे फावत नाही. साबण, तुरटीचे पाणी किंवा जंतुनाशक औषध घालून आतून धुतले, तर चोराऐवजी पहारेकरीच हाकलला जातो. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरे. आतली जागा आपली सफाई आपणच करते.

हा पहारा ढिला पडला की त्रास सुरू होतो. तो मुख्यतः तीन प्रकारचा असतो.

पहिला बुरशीचा. असह्य खाज, लाली, लघवी करताना जळजळ, आणि फुटलेल्या दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव. चारांतल्या तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. अँटिबायोटिक गोळ्यांनंतर, गरोदरपणात आणि मधुमेहात तो अधिक दिसतो.

दुसरा, उपयोगी जंतू घटून इतरांची गर्दी झाल्याचा. यात खाज फारशी नसते. स्राव पातळ, करडा असतो आणि त्याला मासळीसारखा वास येतो. संबंधानंतर हा वास वाढतो.

तिसरा ट्रायकोमोनास नावाच्या सूक्ष्म जीवाचा. पिवळसर-हिरवट, कधी फेसाळ स्राव, खाज आणि आग. हा संबंधातून पसरतो. नवऱ्याला बहुधा काहीच त्रास जाणवत नाही, तरी दोघांनी एकाच वेळी औषध घ्यावे लागते. नाही तर एकाकडून दुसऱ्याकडे फेऱ्या चालूच राहतात. अमुक एकानेच तो आणला, असा निवाडा मात्र घरात करू नये. हा जीव लक्षणे न दाखवता कित्येक महिने राहू शकतो.

तिघांची औषधे एक नाहीत. बुरशीच्या मलमाने दुसरा-तिसरा प्रकार बरा होत नाही, आणि त्या दोहोंवरच्या गोळ्या बुरशीवर चालत नाहीत. म्हणून शेजारणीला लागू पडलेली ट्यूब आपण आणू नये. पंचेचाळिशीच्या एक गृहिणी माझ्याकडे आल्या, त्या वर्षभर असेच मलम लावीत होत्या. आठ दिवस बरे, की पुन्हा खाज. “सूनबाईसमोर कसे बोलायचे, म्हणून गप्प राहिले,” म्हणाल्या. मी रक्तातली साखर तपासायला सांगितली, तर मधुमेह निघाला! साखर आटोक्यात आली आणि खाजही गेली. मलम त्या बरोबरच लावीत होत्या, पण मूळ दुखणे वेगळेच होते.

तपासणीला घाबरू नका. कापसाच्या बोळ्यावर स्राव घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. काम थोड्या वेळाचे असते. अविवाहित मुलीला आतून तपासायचे की नाही, हे तिला विचारूनच ठरवावे. ओटीपोटात दुखून ताप आला, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त गेले, पाळी कायमची गेल्यावर डाग दिसला, दिवस राहिले असताना त्रास झाला, किंवा तोच त्रास वारंवार उलटू लागला, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

गडचिरोलीच्या डॉ. राणी आणि अभय बंग यांनी तिथल्या दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ती प्रसिद्ध झाली. शंभरांतल्या ९२ जणींना स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८. तिथे दवाखाना लांब होता. आपल्या शहरात तो पुढच्या चौकात असतो, तरी आपण जात नाही. हे अंतर लाजेचे आहे, आणि ते तोडायला एस.टी. लागत नाही. घरातली वडीलधारी बाई आपल्या लेकीला, सुनेला एवढेच म्हणाली, “काही त्रास असला तर सांग हो, आपण दोघी जाऊ,” तरी निम्मे काम झाले.